विनोदाच्या आधीचं हसू

बसा असे, दिव्याच्या या बाजूला. तुमची कवळी दोन ठिकाणी तडकली आहे. जोड भरलाय, पण तो घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर पहिल्याच घासाला पुन्हा मोडेल आणि तुम्ही माझ्या नावाने खडे फोडाल. तोवर दातांशिवाय तुम्हाला नीट बोलता यायचं नाही, आणि मला गप्प बसवत नाही. तेव्हा मीच बोलतो. तुम्ही मान हलवत राहा, म्हणजे झालं.

मघाशी आत येताना तुम्ही विचारलंत, इथे एखादा टीव्ही का लावत नाही, बसलेल्या माणसाचा वेळ तरी जाईल. सगळेच विचारतात. टीव्हीशी माझं काही वाकडं नाही. घरी आहे ना, चांगला अर्धी भिंत व्यापणारा. रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्यासमोर बसतो आणि खरं सांगतो, सुखात बसतो. पण एकटा मी टीव्हीसमोर बसत नाही. शेजारी बाई लागते.

हसू नका. बाई म्हणजे माझी बायको. जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिने. सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणायला लागलो. नावाने हाक मारली तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. "बाई" म्हटलं की मान लगेच वर.

आमचा जुना टीव्ही पोट सुटलेला होता, आणि शेवटी शेवटी त्यातली सगळी माणसं पिवळी दिसायला लागली होती. नायक पिवळा, नायिका पिवळी, बातम्या देणारा तर कावीळ अंगावर काढून कामावर आल्यासारखा. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरात आम्ही दोघं, हा आजारी टीव्ही आणि बाकी सगळी शांतता. मुलगीच मागे लागली, नवा घ्या म्हणून. मला तर हवाच होता, आणि मोठा हवा होता. दिवसभर मी तांदळाएवढ्या गोष्टी बघतो हो. कोणाची दाढ, कोणाचा सुळा. संध्याकाळी वाटतं, काहीतरी मोठं बघावं. समुद्र बघावा, हत्ती बघावा.

बाईचं म्हणणं, बेताचा घ्यावा. तिने वर्तमानपत्रं कापून तीन आकार केले, भिंतीवर एकावर एक चिकटवले आणि मला समोर बसवून, डोळे तपासतात तसं विचारायला लागली. "हा पुरे? की हा?"

"तो. सगळ्यात मागचा."

"एवढा? अहो, बातम्या देणारीचं डोकं तुमच्या डोक्यापेक्षा मोठं होईल."

"होऊ दे. तेवढी अक्कल तरी जास्त असेल."

दुकानात आमच्याबरोबर बाईचा धाकटा भाऊ आला होता. त्याला आम्ही पंच म्हणतो. जगातल्या कुठल्याही वादात हा निकाल देणार, मग त्या विषयातलं त्याला काही कळो वा न कळो. भिंतभर टीव्ही मांडले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट एकाच वेळी मान वळवत होता. टाय लावलेला विक्रेता आकडे सांगत होता, पंच प्रत्येक टीव्हीच्या पाठीवर टिचकी मारून "हं... हं..." करत होता. बाईने एकच विचारलं. "यात माणसं माणसांसारखी दिसतात का हो?"

विक्रेत्याने बातम्या लावल्या. बातम्या देणारी हसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वरचे पुढचे चार दात बसवलेले आहेत. हात चांगला आहे कोणाचा तरी." इतकं स्वच्छ दिसत होतं! पंचाने निकाल दिला, "हाच. भावजी, आता विचार करायचा नाही." आणि तोच घेतला.

बसवायला माणसं आली, भिंतीला भोकं पाडली, तो भला मोठा काळा आरसा टांगून गेली. खोलीत थर्माकोलचा आणि कोऱ्या प्लास्टिकचा वास. एवढ्या मोठ्या पडद्यापासून लांब बसावं लागतं म्हणून सोफा हलवावा लागला. आमची खोली लांबट आहे. सोफा इतकी वर्षं भिंतीला टेकून होता, तो आता खोलीत आडवा आला, टीव्हीकडे तोंड करून. त्यामुळे सोफ्याच्या मागे मोकळी जागा राहिली, मागच्या खोल्यांकडे जाणारी. तिथला दिवा आम्ही टीव्ही बघताना बंद ठेवायचो. आधी कधी आमच्या पाठीमागे कोणी उभं राहायची सोयच नव्हती. आता झाली.

पहिले दिवस काय सांगू तुम्हाला! पडद्यावर समुद्र आला की बाई पाय सोफ्यावर घ्यायची, साडी भिजेल म्हणून. मी खोटं बोलत नाही. चहा घ्यायचा, खारे दाणे घ्यायचे आणि बसायचं. सगळ्या नट-नट्यांचे दात मी तिला समजावून सांगायचो. ती म्हणायची, "तुम्ही गोष्ट बघा हो, दात काय बघता?" इतकं भांडण पुरायचं आम्हाला.

एका संध्याकाळी एक विनोदी मालिका लागली होती. त्यात एक विसरभोळा न्हावी. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी कापतो आणि भूक लागली म्हणून जेवायला निघून जातो. न्हाव्याने कात्री खाली ठेवली, तो अजून उठायचाच होता, आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी हसलं. मनापासून, पोट धरून हसतात तसं. मग न्हावी उठला, दाराबाहेर गेला, आणि मग आम्ही हसलो.

बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला आधीच कळतात वाटतं हल्ली विनोद?"

"मी कुठे? ते मालिकेतलंच हसणं आहे. नव्या टीव्हीचा आवाज मागूनही येतो."

तिला वाटत होतं मी हसतोय, मला वाटत होतं टीव्ही हसतोय. असे कितीतरी दिवस गेले. रोज कुठेतरी, विनोदाच्या पापणी लवण्याइतकं आधी, मागे हसू. कधी खुदकन, कधी मोठ्याने. मला तर आवडायला लागलं होतं. थेटरात बसल्यासारखं वाटायचं.

मग फुटबॉलचा सामना आला. अंतिम सामना, तिकडे मैदानावर चालू होता तेव्हाच आम्ही इकडे बघत होतो. आमचा पंचही बघायला घरी आला होता. दोन्ही संघ बरोबरीत, एक खेळाडू चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला, अजून धावायला लागलाही नव्हता... आणि मागून आवाज आला.

"अरेरे... गेला!"

खेळाडू धावला. त्याने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

पंच उठून उभा राहिला. तो आधी माझ्याकडे, मग मागच्या अंधाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेजारचे. भावजी, शेजाऱ्यांच्या टीव्हीत सामना आपल्या आधी दिसतो. आपल्याकडे पोचायला उशीर लागतो. सोपं आहे." हे खरं आहे, असं होतं म्हणे. निकाल देऊन तो शेजाऱ्यांकडे बघायला गेला. परत आला. चहा घेतला. मी विचारलं, "काय रे?"

"कुलूप आहे," तो म्हणाला.

"मग?"

त्याने निकाल दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर तो येतो तेव्हा सोफ्यावर बसत नाही, खुर्ची घेऊन भिंतीला पाठ लावून बसतो. कारण विचारलं तर म्हणतो कंबर दुखते.

मीही मग घाबरलो, खोटं कशाला सांगू? मागचा दिवा चालू ठेवायला लागलो. हसू आलं की वळून बघायचो. रिकामी जागा, चपलांचा स्टँड, भिंतीवरचं कॅलेंडर. एक गोष्ट मात्र होती. वास. हा बघा, या बाटलीतल्या, कवळीचा जोड भरायच्या लिक्विडचा उग्र वास, आत्ता तुमच्या नाकात जातोय ना, तोच. सोफ्याच्या मागे यायचा. मला वाटायचं माझ्याच कपड्यांना असेल. पण मी तर आंघोळ करून कपडे बदलून बसलेला असायचो.

उलगडा केला मुलीने, तोही नकळत. ती बाईशी फोनवर बोलत होती. टीव्ही समोर चालू होता, मी शेजारी बसून बिस्कीट खात होतो, तोंड भरलेलं. मागून हसू आलं. फोनमधून मुलगी म्हणाली, "आई, बाबांना सांग जरा हळू हसा. मला तुझं काही ऐकू येत नाहीये."

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बिस्किटाने भरलेल्या माझ्या गालांकडे. तिने फोन ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ते तुम्हीच आहात."

"काहीतरीच काय!"

"तुमचंच हसणं आहे ते. मला पहिल्या दिवसापासून तुमचंच वाटलं. शेवटी तुम्हाला उचकी लागल्यासारखं होतं ना, तसंच."

स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखता येत नाही हो. माझ्याकडे माणसं येतात, त्यांची स्वतःची जुनी कवळी टेबलावर ठेवलेली असते आणि मला विचारतात, ही कोणाची? तसंच झालं माझं. पण तिने सांगितल्यावर मी कान देऊन ऐकलं, आणि पटलं. मी हसायचो, पण माझ्या आधी.

तुम्हाला वाटेल आता आमची पाचावर धारण बसली असेल. माझी बसली. बाईची नाही. ती म्हणाली, "कोणी परका असता तर मी घाबरले असते. तुम्हाला काय घाबरायचं? इतकी वर्षं एक सहन केला, आता दोन." आणि दाण्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

ती घाबरत नाही म्हटल्यावर माझीही भीती हळूहळू गेली. माणूस कशालाही सरावतो. आम्ही तर त्याचा उपयोग करून घ्यायला लागलो. नवी मालिका लागली आणि मागे कोणी हसलं नाही, की बाई म्हणायची, "बदला. यात काही दम नाही." त्याची पसंती कधी चुकली नाही. चुकेल कशी? माझीच पसंती! फक्त एक होतं. तो हळूहळू आणखी पुढे जात होता. आधी पापणी लवण्याइतका पुढे असायचा, मग चहाचा घोट घेण्याइतका. मग जाहिराती चालू असतानाच हसायला लागला, आणि आम्ही दोघं लहान मुलांसारखी वाट बघत बसायचो, आता काय गंमत येते म्हणून. संसारात इतकी मजा मला तरुणपणीही आली नव्हती.

मग ती रविवारची दुपार आली.

दुपारी पडद्यावर उजेड पडतो, चित्र दिसत नाही, म्हणून आम्ही खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत संध्याकाळ. एक जुना विनोदी सिनेमा लागला होता. दोन भाऊ एकाच घोड्यावर उलटसुलट बसले आहेत, घोडा जागचा हलत नाही, असलं काहीतरी. आम्ही मागच्या हसण्याची वाट बघत होतो. ते येईना. घोडा हलला, भाऊ पडले, तरी नाही. खोलीत फक्त सिनेमाचा गलका. आणि मग तो वास आला.

आधी मला वाटलं, हसतोय. श्वास तसाच अडखळत येत होता. मग कळलं.

रडत होता. तोंडावर काहीतरी दाबून धरून माणूस रडतो ना, तसा. थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा... सोफ्याच्या अगदी मागे. हात लांब केला असता तर माझ्या मानेला लागला असता. पडद्यावर ते दोघे भाऊ पुन्हा घोड्यावर चढत होते.

मी वळणार होतो. बाईने माझं मनगट धरलं.

"वळू नका."

"बाई, ते..."

"ऐकतेय मी. वळू नका."

तिची बोटं गार होती. मागचा आवाज एकदम थांबला. कोणीतरी टक लावून बघतंय असं मला पाठीला जाणवलं. आणि मग, माझ्याच आवाजात, पण मी कधी कोणाशी इतक्या हळू बोललो नसेन, हाक आली.

"बाई..."

बाईच्या बोटांना झटका बसल्याचं मला कळलं. तिने ओ दिली नाही. पुन्हा काही आलं नाही. वासही गेला. मी रिमोट शोधून टीव्ही बंद केला.

ती तशीच बसून होती. गणित सोडवताना बसते तशी, कपाळाला आठी घालून.

"तुम्ही रडताय," ती शेवटी म्हणाली. "आणि माझा आवाज नाही त्यात."

"असेल काहीतरी. सिनेमा बघून रडत असेन. मी रडतो सिनेमे बघून."

"अहो, मी घरात असते तर तुम्हाला असं रडू दिलं असतं का?"

मी रिमोट खाली ठेवला. तिने पदराने तोंड पुसलं आणि मग इतक्या दिवसांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जिना चढताना छाती आवळते. डावा हात खांद्यापासून जड होतो. मध्येच जिन्यात थांबायची आणि कोणी विचारलं तर पिशवी हातात बदलून घ्यायची, ओझं आहे असं दाखवायला. मला सांगितलं नाही, कारण मी घर डोक्यावर घेतलं असतं. मुलीला सांगितलं नाही, कारण ती नोकरी टाकून आली असती.

दुसऱ्या दिवशी हे माझं दुकान बंद ठेवून मी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, फोटो दिव्यासमोर धरून पाहिले आणि विचारलं, "त्रास वाढला म्हणून आलात का?"

बाई म्हणाली, "यांनी हट्ट धरला."

"बरं झालं धरला," डॉक्टर म्हणाले. "आणखी थोडं थांबला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दाखल करून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगी आली होती, पंचही होता. सकाळीच बाईला आत नेलं आणि दार बंद झालं. फार वेळ लागणार होता. मी त्या बाकावर इतका चुळबुळत होतो की मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जाऊन आईची शाल आणि चष्मा घेऊन या. शुद्धीवर आल्यावर तिला चष्मा लागेल." मला कामाला लावायला म्हणाली, कळत होतं मला. पण गेलो.

भर दुपार होती. घरात पडदे ओढलेलेच राहिले होते. मी मागच्या खोलीतून शाल घेतली, चष्मा घेतला आणि बाहेर यायला निघालो तो सोफ्याच्या मागे माझे पाय थांबले. हातात तिचा चष्मा. त्याच्या एका काचेवर तिच्या बोटाचा ठसा होता. त्या ठशाकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. शेजारपाजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तिची शाल तोंडावर दाबून धरली. श्वास कोंडला की थांबायचो, पुन्हा...

आणि मग मला कळलं मी कुठे उभा आहे.

मी शाल खाली घेतली. समोर टीव्ही होता. बंद. काळाकुट्ट. एवढ्या मोठ्या काचेत सगळी खोली दिसत होती. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ, चपलांचा स्टँड, मागे उभा असलेला मी. आणि माझ्यापुढे, सोफ्यावर, दोन डोकी.

एकाला माझ्यासारखं टक्कल होतं. दुसरीचा अंबाडा. तिने त्याचं मनगट धरलं होतं. दोघं पाठ ताठ करून, समोर बघत, दगडासारखी बसली होती.

मी प्रत्यक्ष सोफ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो रिकामा असता, आणि मला तो रिकामा बघायचा नव्हता. मी काचेतच बघत राहिलो. तिचा अंबाडा, त्यातली तिची नेहमीची काळी पिन. माझी बाई तिथे बसली होती, धडधाकट, माझ्यापासून हातभर. मला राहवलं नाही. मी हाक मारली.

"बाई..."

तिने वळून पाहिलं नाही. वळणारच नव्हती. मला माहीत होतं.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला भीती अशी वाटलीच नाही. उलट छातीवरचा धोंडा उतरला. त्या रविवारी आम्ही जे ऐकलं ते हे रडणं होतं. एवढंच. ती गेल्यानंतरचं नव्हतं. मी डोळे पुसले, शाल घडी केली, आणि खिशातला फोन वाजला. मुलगी रडत-हसत सांगत होती की झालं, सगळं नीट झालं, आईने डोळे उघडलेत आणि चष्मा मागतेय.

बाई घरी आली. मुलगी काही दिवस राहून परत गेली. बाईला पायाखाली उशी घेऊन बसायला सांगितलं होतं, म्हणून सोफ्याचा मोठा भाग तिचा, आणि कडेला अंग चोरून मी. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "लावा बघू टीव्ही." मी भीत भीत लावला.

बराच वेळ काही नाही. मग जाहिराती लागल्या आणि मागे तो हसला, म्हणजे मी हसलो, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक हसू आलं. बारीक, नाकातून फुस्स करणारं. मी लगेच ओळखलं. बाई शेजारी मिटल्या तोंडाने बसली होती.

"बघा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे मी."

तेव्हापासून दोघं असतात. रोज असतात. आता ते फार पुढे गेले आहेत. ते आज ज्याला हसतात, ती गंमत आम्हाला कधी आठवड्याने दिसते, कधी महिन्याने, आणि आमचं हसू अगदी तसंच निघालं की ते ओळखून आम्ही दोघं टाळी देतो. मुलगी म्हणते, तुम्हाला झालंय काय, इतके खुशीत कसे असता? काय सांगणार तिला? रोज संध्याकाळी पाठीमागून कोणीतरी खात्री देत असेल, की पुढेही तुम्ही दोघं बसलेले आहात, टीव्ही बघताय आणि हसताय, तर माणूस खुशीत राहणार नाही तर काय?

परवा संध्याकाळचीच गोष्ट. एका नाटकाचं प्रक्षेपण चालू होतं. आम्हाला काही ते फार हसवत नव्हतं, पण मागे मात्र दोघांचं जोरात चाललं होतं. तो हसायचा, ती हसायची, तिचं पाहून तो पुन्हा. बाई ऐकता ऐकता हसायला लागली, म्हणाली, "काय बघतायत कोण जाणे, चांगलं दिसतंय." आणि तेवढ्यात मागे तिसरं कोणीतरी बोललं.

फार हळू बोललं. बाईमाणूस की पुरुष, सांगता येणार नाही. रागाने नाही, गोड समजुतीने.

"चला... पुरे आता. बंद करा."

हसणं तोडल्यासारखं थांबलं. सोफा कुरकुरला, दोनदा. आम्ही बसलो होतो तो हलला नव्हता. मग पावलं वाजली, मागच्या खोल्यांकडे जाणारी. तीन माणसांची.

आम्ही नाटक संपेपर्यंत बसलो होतो, पण त्यातलं मला काही आठवत नाही. तो आवाज मुलीचा नव्हता. पंचाचा नव्हता. आमच्या ओळखीतल्या एकेकाला मी मनात बोलायला लावून पाहिलं, कोणाचाच जुळेना.

"बाई," मी शेवटी विचारलं, "तुला ओळखू आला का गं तो आवाज?"

तिने नाही म्हणून मान हलवली. दाण्यांची बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मला नाही," ती म्हणाली. "पण त्या दोघांना आला असावा. लगेच उठले ना..."